ठेवलेला चाकू

आमच्या घरात चाकू, विळा, कात्री, सुई अशी धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. देणाऱ्यानं ती खाली ठेवायची आणि घेणाऱ्यानं खालून उचलायची. हातातून दिली तर दोघांत वैर येतं, असं माझी माय सांगायची. वैर येतं का नाही ते मी कधी पडताळून पाहिलं नाही, पण जन्मभर वागलो तसंच. शेजारी विळा मागायला आला तर ओट्यावर ठेवायचा. त्यानं उचलला की तो त्याचा. मंग काम होईपर्यंत आपण त्याच्याकडं पाहायचंसुद्धा नाही. ही गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते हिच्यातूनच झालं.

मी मोसंबीची कलमं बांधणारा माणूस. बदनापूरपासून थोडं आत आमचं गाव. शाळा दुसरीपर्यंत झाली. तिसरीच्या वर्गात बसलो होतो, पण मास्तरांनी एकदा माझ्या अक्षराला कोंबड्याचे पाय म्हटलं आणि मी परत गेलो नाही. अक्षर अजून तसंच आहे. त्यामुळं हे लिहिताना हात हलला तरी वाचणाऱ्याला काही फरक कळायचा नाही, एवढा एक फायदा.

कलम म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरीचं, म्हणजे एका रानटी लिंबाचं, रोप वाढवायचं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीला चाकूनं एक आडवा आणि एक उभा काप घ्यायचा. साल दोन्ही बाजूंनी हळूच उचलायची, जसा सदऱ्याचा गळा उघडतो तशी. मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, सालीसकट काढायचा आणि त्या उघडलेल्या जागेत सरकवायचा. वरून पट्टी बांधली की झालं. याला डोळा भरणं म्हणतात. काप फक्त सालीपुरता पाहिजे. आत लाकडाला धार लागली की डोळा काळा पडतो. म्हणजे सगळी गोष्ट हाताच्या दाबाची आहे, ती सांगून शिकवता येत नाही. आमच्या भागात ज्या बागा उभ्या आहेत त्यांतल्या बऱ्याच माझ्या हातच्या आहेत. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तर तो हात थरथरायला लागला.

कधीपासून ते मला नेमकं सांगता येणार नाही. मांडीवर ठेवला की गप असायचा. काही धरायला, उचलायला गेला की सुरू व्हायचा. चहाची बशी तोंडापर्यंत यायच्या आत अर्धी सांडायची, म्हणून मी बशी सोडली आणि गिलास दोन्ही हातांनी धरायला लागलो. थंडी वाजते म्हणून धरतो असं घरच्यांना वाटायचं. जेवताना काही अडचण नव्हती. भाकरी मोडायला हात ताटावर दाबलेला असतो, कुस्करायला बोटं वाटीत रुतलेली असतात, आणि घास घेताना मी तोंडच ताटाजवळ नेत होतो. म्हातारा माणूस वाकून जेवतो, त्यात कुणाला काय दिसणार? कलमाच्या कामातही मी एक युक्ती काढली होती. करंगळी खुंटाला टेकवायची, मनगट गुडघ्याला टेकवायचं, श्वास धरायचा आणि काप घ्यायचा. काही डोळे मरायचे. पहिलं असं होत नव्हतं. मी म्हणायचो, औंदा काड्याच खराब आल्या.

हे घरात कळलं की पुढं काय, ते मला बराबर माहीत होतं. पोरगा म्हणणार, बाबा, लई केलं आता, बसा. आणि चाकू जाणार. घरातल्या दुसऱ्या गोष्टी एकेक करून गेल्या तेव्हा मी काही बोललो नाही. बैल गेले, गाडी गेली, मोटरसायकल पोरानं काढून घेतली. पण चाकू गेला तर सकाळी उठून मी कुठं जाऊ, हे मला सुचत नव्हतं. म्हणून लपवत होतो. तोंडानं खोटं बोलत नव्हतो, फक्त हात कुणाच्या नजरेसमोर येऊ देत नव्हतो.

रोपवाटिका आता पोरगा पाहतो. सूनबाई त्याच्या बरोबरीनं राबते. पाणी, पिशव्या, मजूर सगळं तिच्याकडं. आणि मी डोळा भरत पुढं सरकलो की मागून पट्टी बांधायचं काम पण तीच करते, लग्न होऊन आली तेव्हापासून. एकदा तिनं म्हटलं होतं, मामा, एखादा डोळा मी भरून पाहू का. मी म्हटलं, तू पट्टी बांध. परत तिनं विचारलं नाही.

या हिवाळ्यात फळांचा रस काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे साहेब जालन्याला यायचे होते. त्यांना शेतकऱ्यांना द्यायला रोपं पाहिजे होती, दर वर्षी, मोठ्या संख्येनं. दोन-तीन रोपवाटिका त्यांच्या नजरेत होत्या, आमची त्यात एक. साहेबांचा बेत असा होता की पहिल्या दिवशी सांजेला जालन्याच्या हॉटेलात सगळ्यांनी सोबत जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मळ्यात येऊन कलम बांधताना पाहायचं. पोरगा सांगत आला की साहेबांनी फोनवर खास विचारलं, तुमचे वडील येणार ना, ज्या हातानं ही कलमं झाली तो हात पाहायचाय.

मी म्हटलं, सकाळी मळ्यात पाहू दे. हॉटेलात माझं काय काम?

पोरगा म्हणाला, साहेब लई रीतभात पाहणारे हायेत. त्यांच्या टेबलावर काटा-चमचा असतो, पण शिकलं की जमतं. मला ते शिकवायचं काम त्यानं सूनबाईला सोपवलं.

सूनबाई संभाजीनगरला होस्टेलात राहून शिकलेली. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस रिकाम्या ताटात काटा आणि सुरी फिरवत होता. एवढा सजून बसलेला आणि ताटात काहीच नाही, हे पाहून मला त्याची कीव आली. मंग तिनं माझ्यापुढं धिरडं वाढलं, डाव्या बाजूला काटा ठेवला आणि घरातली भाजीची सुरी माझ्या हातात द्यायला लागली. मी म्हटलं, खाली ठेव. तिनं जीभ चावली आणि ताटाच्या उजव्या बाजूला ठेवली.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. मी विचारलं, म्हणजे डाव्या हातानं जेवायचं?

"जेवायचं न्हाई मामा, डाव्यानं नुसतं धरायचं अन् तोंडात न्यायचं."

"मंग जेवणं दुसरं काय असतं?"

ती तोंडाला पदर लावून हसत राहिली. पोरगा बाहेरून ओरडला की बाबांशी वाद घालू नको, शिकव.

शिकलो. रुमाल मांडीवर घ्यायचा, गळ्यात अडकवायचा नाही. सुरी तोंडात घालायची नाही. बाहेरच्या बाजूचं हत्यार आधी उचलायचं आणि एकेक करत ताटाकडं यायचं. सूप आवाज न करता प्यायचं. आणि एक गोष्ट तर मला मनापासून आवडली. काटा आणि सुरी ताटात दूर दूर तिरपी ठेवली तर त्याचा अर्थ, मी अजून जेवतोय. दोन्ही एकमेकांना लावून सरळ ठेवली तर, झालं माझं, ताट न्या. तोंडानं काहीच बोलायचं नाही. आमच्याकडं पंगतीत हात आडवा घालून नको नको म्हणावं लागतं, तरी वाढपी बोटांवर बुंदी टाकून जातो. इथं लोखंड ठेवलं की समोरच्याला समजतं. डोकं असणाऱ्या माणसानं बसवलेली रीत आहे, असं मी सूनबाईला म्हणालो.

मंग मी सुरीनं धिरडं कापायला घेतलं आणि स्टीलचं ताट वाजायला लागलं. टिरटिर, टिरटिर. मी थांबलो. सुरी उचलली, ताट गप. परत टेकवली की परत तेच. मी म्हटलं, हा पाट हलतोय. सूनबाईनं पाटाकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं. मंग उठली, एक जाड फडकं आणून ताटाखाली अंथरलं. आवाज कमी झाला. मला वाटलं, बरं झालं, तिला कळलं नाही.

त्या दिवशी मला समजलं की हे जेवण आपल्याला उघडं पाडणार. भाकरीनं मला इतके दिवस झाकून ठेवलं होतं. काटा-सुरी झाकणार नव्हती. तिथं हात अधांतरी राहतो, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि खाली काचेसारखं ताट. मी मनाशी ठरवलं की तिथं जाऊन शिकलेलं सगळं विसरायचं. अडाणी म्हातारा म्हणून बसायचं. गावंढळ म्हटलं तर म्हणू दे. गावंढळ माणसाच्या हातातून चाकू कुणी काढून घेत नाही.

हॉटेल जालन्याच्या बाहेरच्या अंगाला होतं. आत एवढं गार की थंडीच्या दिवसात पंखा लावल्यासारखं वाटत होतं. लांब टेबल, वर पांढरं कापड, आणि प्रत्येकाच्या पुढं एवढी हत्यारं मांडलेली की मला आमच्या लोहाराचं दुकान आठवलं. साहेब वयानं माझ्याहून थोडे लहान, बोलायला साधे. त्यांची बायको डॉक्टरीण होती. ती माझ्या बराबर समोर बसली. पोरगा माझ्या एका बाजूला, सूनबाई दुसऱ्या बाजूला. कंपनीची दोन-तीन माणसं पलीकडं होती.

आधी सूप आलं. चमचा घेतला असता तर रुमालावर, कापडावर, सदऱ्यावर लाल नक्षी झाली असती. मी वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि वरणासारखी पिऊन टाकली. सगळा आवाज करून. पलीकडचा एक माणूस पाहायला लागला आणि मंग पाहायचं टाळायला लागला. पोरानं मान खाली घातली. साहेब म्हणाले, आवडलं वाटतं आबांना. मी म्हणालो, मीठ कमी हाय.

मंग काही तळलेलं आलं. ते मी हातानं उचलून खाल्लं. कुणी पाण्याचा गिलास भरला, त्याला हात लावला नाही. रुमाल मांडीवर घ्यायचा ते मला माहीत होतं, मी तो बाजूला सारला. जे जे मला येत होतं ते चुकवत गेलो आणि प्रत्येक चुकीबरोबर मला थोडं सुरक्षित वाटत होतं. सूनबाई काटा-सुरीनं बराबर जेवत होती, घाई नाही, आवाज नाही. आमच्या मळ्यात चिखलानं भरलेले तिचे हात मी रोज पाहतो. इथं ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

पोरगा उठला आणि मला डोळ्यानं खुणावलं. हात धुवायच्या जागी आम्ही दोघंच होतो. त्यानं नळ चालू केला आणि तसाच वाहू दिला.

"बाबा, तुम्ही मुद्दाम करून राह्यले ना?"

मी म्हणालो, "हो."

"काहून?"

"माझं जेवण हाय. मी कसंबी जेवीन."

त्याचा आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "मी साहेबाला सांगितलं होतं, आमचे बाबा शिकलेले न्हाईत, पण कशातच कमी पडत न्हाईत. मोठ्या तोंडानं सांगितलं होतं." आणि नळ बंद करून गेला.

मी तिथं आरशासमोर उभा राहिलो. कुणी मला शिवी दिली तर मी दोन दिवस लक्षात ठेवतो आणि सोडून देतो. पण माझ्या जोरावर पोरगा कुठं मोठ्या तोंडानं बोलून आला आणि मी ते खाली पाडलं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. शिकलो होतो की मी. सगळं येत होतं मला. परत जाऊन बसलो तेव्हा रुमाल उचलून मांडीवर घेतला.

मोठं ताट आलं. मधोमध पनीरचा जाड तुकडा, भोवती उकडलेल्या भाज्या. मी बाहेरच्या बाजूचा काटा डाव्या हातात घेतला, सुरी उजव्या हातात घेतली. पोरानं पाहिलं. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, ते मला बाजूला बसून कळलं. कोपरं अंगाला धरली, मनगट टेबलाच्या काठाला टेकवलं, श्वास धरला. खुंटाला काप घेताना धरतो तसा. पहिला तुकडा निघाला. डाव्या हातानं तोंडात गेला. मला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या तुकड्याला सुरी ताटाला लागली आणि वाजायला लागली. घरच्या ताटासारखा जाड आवाज नव्हता. बारीक, काचेचा, लांब जाणारा. किणकिणकिण. दाबली तर जास्त. उचलली तर सुरी हवेत अशी हलायला लागली की दिव्याचा उजेड तिच्यावरून पळत होता. साहेब काही सांगत होते ते मधेच थांबले. टेबलावरचं सगळं बोलणं थांबलं आणि फक्त ती सुरी बोलत राहिली.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, हात कधीपासून थरथरतोय?"

"इथली हवा गार हाय," मी म्हणालो.

"लिहिताना होतं का? पाणी पिताना?"

"मला लिहायचं काम पडत न्हाई, बाई."

त्यांनी माझ्या पाण्याच्या गिलासाकडं पाहिलं. तो काठोकाठ तसाच होता. त्यांचं पाहिलेलं पोरानं पाहिलं. मी मान वळवली नाही, पण त्याचा काटा ताटात थांबला ते मला दिसलं. बाईंचा काही दोष नाही. त्यांनी पुढं रोगाचं एक मोठं नाव सांगितलं, हे वयानं होतं, घाबरायचं कारण नाही, गोळी असते, असं सगळं चांगल्या मनानं सांगितलं. मी सुरी आणि काटा एकमेकांना लावून ताटात सरळ ठेवले. पनीर तसंच होतं, भूक तशीच होती. वाढणारा आला आणि ताट घेऊन गेला. रीत बराबर होती. त्या टेबलावर मी नीट केलेली ती एकच गोष्ट.

शेवटी गोड आलं. लाल रंगाची जेली, वाटीत थरथरणारी. चमच्यावर घेतली की कुणाच्याही हातात ती हलायचीच. साहेब हसून म्हणाले, ही तर आपल्या सगळ्यांचीच थरथरतेय. लोक हसले. त्यांना मला सांभाळून घ्यायचं होतं, मला कळतं. पण सांभाळून घेतलेलं मला कधी सोसलं नाही. मी ती जेली सगळी खाल्ली, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहू नये.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. गाव जवळ आल्यावर पोरगा म्हणाला, आधी सांगायचं होतं ना बाबा. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. तो म्हणाला, उद्या तुम्ही नुसते खुर्चीत बसा, साहेबाला तोंडानं समजावून सांगा. काप दुसरं कुणी घेईल.

"दुसरं कुण?"

मागच्या सीटवर सूनबाई होती. मी म्हणालो, "चाकू माझा हाय. उद्या काप मीच घेणार."

सकाळी मळ्यात साहेब, डॉक्टरीणबाई आणि कंपनीची माणसं आली. शेडनेटखाली खुंटाच्या पिशव्यांच्या ओळी होत्या. पोरानं खरंच एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. मी ती पायानं बाजूला सरकवली आणि रोज बसतो तसा खाली बसलो. सूनबाई मागं, पट्ट्यांची गुंडाळी हातात घेऊन, तिच्या रोजच्या जागी.

चाकू उघडला. त्याची मूठ माझ्या बोटांनी झिजलेली आहे, दुसऱ्याच्या हातात ती नीट बसत नाही असं मी नेहमी सांगत आलो. आडवा काप घेतला, बरा आला. उभा काप घ्यायला करंगळी खुंटाला टेकवली. सगळे वाकून पाहत होते आणि ज्या हातासाठी ते वाकले होते तो सुरू झाला. धार सालीवरून सरकली, खाली लाकडात गेली. खुंटातून पाणी आलं. मी पुढची पिशवी ओढली. त्यातही तेच.

मला फक्त हाताला थोडी उसंत पाहिजे होती. मांडीवर ठेवला की तो गप होतो, हे मला माहीत होतं. दोन श्वास घ्यायचे, मूठ लुगड्याच्या गाठीसारखी आवळायची, सोडायची, आणि परत सुरू करायचं. म्हणून मी चाकू खाली ठेवला. माझ्या आणि सूनबाईच्या मधे एक सपाट दगड आहे, पट्ट्या ठेवायचा, त्याच्यावर ठेवला. आणि रात्रीच्या टेबलाची सवय अंगात शिरली होती का काय, कोण जाणे, मी तो तिथं पडलेल्या मोसंबीच्या काडीला लावून सरळ ठेवला.

सूनबाईनं वाकून तो उचलला.

तिनं तो उचलताना मी तिच्याकडं पाहिलं. तिनं आधी दगडाकडं, मंग माझ्याकडं पाहिलं, आणि पदर खोचून माझ्या बाजूला खाली बसली. खुंट ओढला. आडवा काप, उभा काप. साल उचलली. डोळा काढून आत सरकवला. मला त्यात एकही खोट काढता आली नाही, आणि मी काढायला बसलो होतो. मूठ तिच्या हातात नीट बसत होती.

साहेबांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनी पण वाजवली. साहेब पोराला म्हणाले की अशी गोष्ट आजकाल पाहायला मिळत नाही, सासऱ्यानं सगळ्यांसमोर सुनेच्या हातात आपलं हत्यार दिलं. पोराचे डोळे भरले होते. तो माझ्या पाया पडला. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. मी कुणाला काय सांगणार होतो? मी तो दिला नव्हता. ठेवला होता.

रोपं आमचीच ठरली. घरात सगळे खुश होते आणि माझ्याशी जपून बोलत होते. पोरानं गोळ्या आणल्या. त्या घेतो, थोडा फरक आहे, फार नाही. जेवताना आता पोरगा, सूनबाई, नातू तिघं माझ्या हाताकडं पाहतात. नातू तर उघड पाहतो. मी ताटावर वाकलो की सूनबाई वरणाची वाटी अर्धीच भरते. ती अशा बेतानं भरते की मला बोलायला जागा राहत नाही.

एक गोष्ट मला नंतर सुचली, आणि सुचल्यापासून तिनं मला नीट झोपू दिलं नाही. डोळा भरल्यावर पट्टी बांधणारा माणूस काप बोटांनी चाचपतो. साल कुठं फाटली, धार कुठं खोल गेली, हे भरणाऱ्याच्या आधी बांधणाऱ्याला कळतं. म्हणजे सूनबाईला पहिल्यापासून माहीत होतं. काड्या खराब आल्या असं मी म्हणायचो तेव्हा ती हूं म्हणायची आणि पट्टी जास्त ओढून बांधायची. धिरड्याच्या ताटाखाली फडकं अंथरलं तेव्हा माहीत होतं. हॉटेलात मी सूप भुरकलं तेव्हा त्या टेबलावर एकटीला माहीत होतं की हे काहून चाललंय. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, मला दाखवलं नाही.

मंग त्या सकाळी दगडावरचा चाकू तिनं चुकून उचलला का समजून? आमच्या रीतीप्रमाणं मी दिला असं तिला वाटलं असेल. का मी आता तिसरा खुंट नासवणार आणि ही सगळी माणसं पाहणार, म्हणून तिनं मला त्यातून सोडवलं? का तिला तो पाहिजेच होता, आणि बरोब्बर वेळ आली? तीनही गोष्टी मी तिच्या तोंडावर वाचायचा प्रयत्न करतो. तिचं तोंड नेहमीसारखं असतं. विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणून विचारत नाही.

आता ती रोज डोळे भरते. तिनं भरलेल्या डोळ्यांना आलेले फुटवे मी पाहतो, चांगले आहेत. एका मजूर बाईला तिनं मागं पट्टी बांधायला लावलंय. सांजेला काम झालं की ती चाकू पुसते, मिटते, आणि ओसरीवर माझ्या बसायच्या जागेजवळ आणून ठेवते. हातात देत नाही. ठेवते आणि आत जाते. सकाळी मळ्यात निघताना तिथं येऊन थांबते. पदर खोचते, चप्पल घालते, उगीच डब्याचं झाकण लावते. मला उचलायला वेळ मिळावा म्हणून ती थांबते, एवढं मला समजतं.

मी उचलत नाही. उचलला तर तो परत माझा होईल, आणि मंग मळ्यात जाऊन तो दगडावर परत ठेवायची वेळ दोघांनाही पाहावी लागेल. तो माझा नाही असंही माझ्या तोंडातून निघत नाही. मी हात मांडीवर ठेवून बसतो. मांडीवर तो गप असतो. थोडा वेळ वाट पाहून ती वाकते, चाकू उचलते आणि जाते.